गोंगाटात कोणतं नातं टिकतं?

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात कॅल्शियमचे अणू एकेक करून पकडून ठेवले जातात. स्टीलच्या निर्वात पेटीत विद्युत क्षेत्राचा सापळा असतो आणि त्याच्या मधोमध, कशालाही न टेकता, दोन अणू तरंगत राहतात. प्रत्येकाचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतलेला असतो, म्हणून त्यांना आयन म्हणायचं. ३९७ नॅनोमीटरचा जांभळट-निळा लेझर त्यांच्यावर पडला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन ठिपके उमटतात. ठिपक्यांमधलं खरं अंतर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही बरंच कमी.

या आयनाच्या दोन पातळ्या आपल्या कामाच्या आहेत. तो मूळ पातळीत असेल तर निळ्या लेझरखाली उजळतो. ७२९ नॅनोमीटरच्या लाल लेझरने त्याला वरच्या एका पातळीत नेऊन ठेवलं तर तो निळ्या प्रकाशाला दाद देत नाही, अंधाराच राहतो. त्या वरच्या पातळीत तो सरासरी सेकंदाहून थोडा जास्त वेळ टिकतो. अणूंच्या जगात हा वेळ भरपूर आहे. तेव्हा आयनाला विचारायचा प्रश्न अगदी साधा: तू उजळ की अंधारा?

आता लेझरचे मोजूनमापून झटके देऊन या दोघांची अशी जोडी बांधता येते की दोघंही उजळ निघतील किंवा दोघंही अंधारे. यातलं काय निघेल हे आधी सांगता येत नाही, पण दोघांचं उत्तर एकच येतं. या जुळण्याला सहसंबंध म्हणतात. हा सहसंबंध एकाच जातीचा नसतो. आणि भोवतालचा गोंगाट या जातींना एकाच मापाने तोडत नाही. काही आधी जातात, काही नंतर, काही शेवटपर्यंत राहतात. कोणती कधी जाते आणि का, हे समजून घेणं हा गेल्या पंचवीस वर्षांतल्या भौतिकशास्त्राचा एक फार सुंदर भाग आहे.

चपलेची जोडी आणि आयनांची जोडी

कोल्हापुरी चपलांच्या एका जोडातली एक चप्पल डब्यात घालून नागपूरला पाठवली आणि दुसरी घरी ठेवली. नागपूरकराने डबा उघडला, डाव्या पायाची निघाली, तर घरी उजवी आहे हे त्याला त्याच क्षणी कळतं. यात गूढ काही नाही. डबा बंद करतानाच सगळं ठरलेलं होतं. हा अभिजात सहसंबंध. जॉन बेल यांनी आपल्या एका सहकाऱ्याच्या दोन पायांतल्या वेगवेगळ्या रंगांच्या मोज्यांचं उदाहरण घेऊन १९८१ च्या निबंधात हीच गोष्ट सांगितली होती.

चपलेला एकच प्रश्न विचारता येतो: डावी की उजवी? आयनांना मात्र आणखीही प्रश्न विचारता येतात. निळा लेझर लावण्याआधी दोन्ही आयनांना लाल लेझरचा ठरावीक छोटा झटका द्यायचा आणि मग उजळ की अंधारा ते पाहायचं. झटका न देता विचारलेल्या प्रश्नाला आपण ‘सरळ प्रश्न’ म्हणू आणि झटका देऊन विचारलेल्याला ‘आडवा प्रश्न’. पूर्ण गुंफलेल्या जोडीची करामत अशी की सरळ प्रश्नालाही दोघांची उत्तरं शंभरातल्या शंभर वेळा जुळतात आणि आडव्या प्रश्नालाही. या गुंफणीला एंटँगलमेंट म्हणतात. तिला हे नाव एर्विन श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये दिलं.

कोणी शंका घेईल की दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच चिठ्ठीवर लिहून प्रत्येक आयनाच्या खिशात ठेवली असतील. शंका रास्त आहे. पण सरळ आणि आडवा यांच्या मधल्या कोनांतलेही प्रश्न विचारले, तर चिठ्ठ्या कशाही लिहिल्या तरी जुळणी एका मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही, हे बेल यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं. या मर्यादेच्या १९६९ मधल्या प्रचलित रूपात जुळण्याची एक बेरीज फार तर २ असते. गुंफलेली जोडी २.८३ पर्यंत जाते. कॅल्शियमच्याच अणूंतून निघालेल्या प्रकाशकणांच्या जोड्यांवर आलँ आस्पे यांनी फ्रान्समध्ये १९८१-८२ साली ही मर्यादा ओलांडून दाखवली. २०२२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठीच होता.

एकमेकांबद्दलची माहिती बिटमध्येही मोजता येते. चपलांच्या जोडीत ती फार तर १ बिट असते. पूर्ण गुंफलेल्या दोन आयनांत २ बिट असतात: एक अभिजात, एक क्वांटम. या दोन बिटांचं गोंगाटात काय होतं, हा आपला विषय.

गोंगाट येतो कुठून

इथे गोंगाट म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. भिंतीतल्या वायरीतून वाहणारी ५० हर्ट्झची वीज स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र हलवत असते. शेजारची लिफ्ट वर जाते, कोणी लोखंडी खुर्ची सरकवतं, पंपाची मोटर सुरू होते. प्रत्येक वेळी सापळ्यातलं चुंबकीय क्षेत्र इवलंसं बदलतं. आयनाच्या दोन पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर या क्षेत्रावर अवलंबून असतं, म्हणून तेही इवलंसं डगमगतं.

या डगमगण्याचा परिणाम नेमका कुठे होतो? जोडीच्या अवस्थेत ‘दोघंही उजळ’ आणि ‘दोघंही अंधारे’ या दोन शक्यता एकत्र नांदत असतात आणि त्यांच्यात ठरावीक कलांतर असतं. घड्याळाच्या काट्यासारखं ते सतत फिरतं. ऊर्जेचं अंतर डगमगलं की काट्याचा वेग डगमगतो. एकाच प्रयोगाच्या शेकडो आवृत्त्या केल्या तर दर आवृत्तीत काटा वेगळ्या जागी थांबलेला असतो.

सरळ प्रश्नाला या काट्याशी काही देणंघेणं नाही. काटा कुठेही असो, दोघंही उजळ किंवा दोघंही अंधारेच निघतात. आडव्या प्रश्नाचं उत्तर मात्र पूर्णपणे काट्यावर अवलंबून आहे. काटे विखुरले की आडव्या प्रश्नाची जुळणी १०० वरून ९०, ८०, ७० अशी घसरत निम्म्यावर येते आणि निम्मं जुळणं म्हणजे न जुळणंच. २ बिटांतला क्वांटम बिट हळूहळू संपतो, अभिजात बिट जसाच्या तसा राहतो. गोंगाटाने आयनांच्या जोडीची चपलांची जोडी करून टाकली.

गोंगाटाची दुसरीही एक जात आहे. ती जास्त खोलवरची आहे. तिच्यात भोवताल नुसता ढकलत नाही, तो माहिती पळवून नेतो. १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत सर्ज अरोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डोळ्यांदेखत घडताना दाखवलं. अतिसंवाहक निओबियमच्या दोन आरशांमध्ये मोजक्या फोटॉनांचं सूक्ष्मतरंगांचं क्षेत्र कोंडलेलं होतं. त्यातून रुबिडियमचा एक फुगवलेला अणू पाठवला की क्षेत्र एकाच वेळी दोन वेगळ्या कलांमध्ये जाई. थोड्या वेळाने दुसरा अणू पाठवायचा आणि दोन्ही अणूंच्या उत्तरांत सहसंबंध उरला आहे का ते पाहायचं. फोटॉन त्या आरशांमध्ये सरासरी १६० मायक्रोसेकंद टिकत. पण दोन कला एकमेकींपासून जितक्या दूर, तितका दोन अणूंमधला सहसंबंध लवकर विरत गेला. कारण एखादा फोटॉन जरी बाहेर निसटला, तरी क्षेत्र कोणत्या कलेत होतं याची खबर तो सोबत नेतो. या घटनेला डीकोहिअरन्स म्हणतात. २०१२ चं नोबेल अरोश आणि अमेरिकेचे डेव्हिड वाइनलँड यांना विभागून मिळालं.

आधी काय जातं

पूर्ण गुंफलेल्या जोडीची गोष्ट सोपी होती. खऱ्या प्रयोगात जोडी इतकी शुद्ध क्वचितच असते. म्हणून थोडी मिसळलेली जोडी घेऊन हिशेब करून पाहू. शंभरातल्या ८० जोड्या एका प्रकारे गुंफलेल्या आहेत, २० दुसऱ्या प्रकारे, आणि कोणती कुठली ते आपल्याला माहीत नाही. प्रकार असे निवडले आहेत की आडव्या प्रश्नाला शंभरच्या शंभर जुळतात, सरळ प्रश्नाला ८० जुळतात. माहितीचा हिशेब केला तर एकूण साधारण १.२८ बिट होतात.

यातलं अभिजात किती? नियम असा: एका आयनाला एकच प्रश्न विचारून दुसऱ्याबद्दल जास्तीत जास्त जेवढं कळतं, तेवढं अभिजात. उरलेलं क्वांटम. या उरलेल्याला डिस्कॉर्ड म्हणतात. ही कल्पना २००१ मध्ये हॅरल्ड ऑलिव्हिए आणि वोइचेख झुरेक यांनी मांडली आणि त्याच वर्षी लिआ हेंडरसन आणि व्लात्को वेड्राल यांनी स्वतंत्रपणे मांडली. आपल्या जोडीत सर्वांत चांगला प्रश्न आडवा आहे, तो पूर्ण १ बिट देतो. म्हणून १ बिट अभिजात, ०.२८ क्वांटम.

आता काटे विखुरणारा गोंगाट सुरू करू. सरळ प्रश्नाची ८० ची जुळणी हलत नाही. आडव्याची १०० वरून उतरू लागते. सामान्य बुद्धीला वाटेल की नाजूक ते आधी तुटणार, म्हणजे क्वांटम भाग आधी घसरणार. घडतं उलटं. आडवा प्रश्न ८० पर्यंत येईतो सर्वांत चांगला प्रश्न तोच असतो आणि तोच बिघडत असल्यामुळे घसरतो तो अभिजात भाग. क्वांटम ०.२८ तसूभरही हलत नाही.

आडव्याची जुळणी ८० च्या खाली गेली की सूत्रं सरळ प्रश्नाकडे जातात. आता सर्वांत चांगला प्रश्न तो आणि गोंगाट त्याला हात लावत नाही. त्या क्षणापासून अभिजात भाग ०.२८ बिटावर गोठतो आणि आतापर्यंत शाबूत असलेला क्वांटम भाग ओसरू लागतो. हा अचानक पालट लॉरा माझ्झोला, युर्की पीलो आणि सब्रिना मॅनिस्काल्को यांनी २०१० मध्ये गणिताने दाखवला. त्याच वर्षी चीनमधल्या हफेच्या गटाने फोटॉनांच्या जोड्यांवर तो प्रयोगातही पाहिला.

हिशेब थोडा पुढे नेला तर आणखी एक वळण लागतं. आडव्याची जुळणी साडेबासष्टवर आली की गुंफण, म्हणजे खरी एंटँगलमेंट, शून्य होते. ती हळूहळू विरत अनंतापर्यंत जात नाही, ठरावीक वेळी संपते. घसरण घातांकी असेल तर आडव्या जुळणीचा जोर, म्हणजे पन्नासच्या वर उरलेला भाग, निम्मा व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या बरोबर दुप्पट वेळाने. त्यानंतरही डिस्कॉर्ड थोडा उरलेला असतो. म्हणजे एकाच जोडीत तीन नाती होती आणि तिघांचे शेवट तीन तऱ्हांचे झाले: अभिजात नातं घसरून थांबलं, गुंफण अचानक तुटली, डिस्कॉर्ड सर्वांत शेवटी विझला.

गुंफणीच्या या अचानक शेवटाला ‘आकस्मिक मृत्यू’ असंच नाव पडलं आहे. २००४ मध्ये टिंग यू आणि जोसेफ एबर्ली यांनी एक प्रश्न घेतला: दोन अणू एकमेकांपासून दूर आहेत, प्रत्येक जण आपापला फोटॉन सोडून मूळ पातळीकडे येतो आहे, तर गुंफणीचं काय होतं? प्रत्येक अणूचा ऱ्हास अनंत काळ चालणारा आणि संथ, तरी काही सुरुवातीच्या अवस्थांमध्ये गुंफण मोजक्या वेळात पूर्ण संपते, असं उत्तर आलं. २००७ मध्ये रिओ द जानेरोमध्ये लुइझ दाविदोविच यांच्या गटाने फोटॉनांवर प्रयोग करून ते खरं ठरवलं.

गोंगाटाचा स्वभाव

वरच्या हिशेबात आपण गोंगाट एकाच तऱ्हेचा धरून चाललो. खरं तर सगळी खुबी त्याच्या स्वभावात आहे. पहिली गोष्ट, तो दोन्ही आयनांना सारखा लागतो की वेगवेगळा? काही हजारांश मिलिमीटरवर बसलेल्या दोन आयनांना लिफ्टमुळे बदललेलं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ सारखंच जाणवतं. जोडी ‘दोघंही उजळ, दोघंही अंधारे’ अशी असेल तर दोघांचा डगमग एकत्र साठतो, काटा दुप्पट भरकटतो. २०११ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने १४ कॅल्शियम आयन एकत्र गुंफले तेव्हा हाच नियम मोठा होऊन समोर आला: सर्वांना सारखा लागणाऱ्या गोंगाटात ऱ्हासाचा वेग आयनांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो. आयन दुप्पट केले की नासाडी चौपट.

पण जोडी ‘एक उजळ, दुसरा अंधारा’ आणि ‘एक अंधारा, दुसरा उजळ’ अशी बांधली तर? दोन्ही शक्यतांमध्ये उजळ एक, अंधारा एक. सारखा धक्का दोन्ही शक्यतांना सारखाच बसतो, फरक शून्य, काटा जागच्या जागी. गोंगाट तेवढाच असतो आणि जोडीला तो जाणवतही नाही. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत बेरिलियमच्या आयनांवर २००१ मध्ये ही युक्ती वापरली गेली. २००५ मध्ये इन्सब्रुकने, सेकंदभर टिकणाऱ्या वरच्या पातळीऐवजी मूळ पातळीच्याच दोन उपपातळ्या वापरून, अशा जोडीची गुंफण २० सेकंदांहून जास्त टिकवून दाखवली.

दुसरी गोष्ट, गोंगाटाची चाल. तो इतक्या झरझर बदलत असेल की मागच्या क्षणाचं त्याला काहीच आठवत नाही, तर नातं घातांकी रीतीने घसरतं आणि परत येत नाही. पण समजा क्षेत्र दोनच मूल्यांत अधूनमधून उडी मारतं, जुन्या तारयंत्राच्या टकटकीसारखं. उड्या फार विरळ असतील तर निम्म्या आवृत्त्यांत काटा उजवीकडे फिरतो, निम्म्यांत डावीकडे. सुरुवातीला ते पांगतात, जुळणी कोसळते. पण एक पूर्ण फेरी झाली की दोन्ही काटे पुन्हा बारावर भेटतात आणि मेलेलं वाटलेलं नातं परत उभं राहतं. ते मेलं नव्हतंच, कोणत्या आवृत्तीत काटा कुठल्या बाजूला गेला एवढंच आपल्याला माहीत नव्हतं.

संथ गोंगाटावरचा जुना इलाजही याच समजुतीवर उभा आहे. एर्विन हान यांनी १९५० मध्ये स्पिन एको शोधला: वाटेच्या मध्यावर एक झटका देऊन काट्यांची दिशा उलटवायची. जो जितका भरकटला होता, तो तितकाच परत येतो. गोंगाटाला या वेळात स्वभाव बदलता आला नाही एवढीच अट. विजेच्या ५० हर्ट्झवर तोडगा याहून साधा आहे. अनेक प्रयोगशाळा प्रयोगाची प्रत्येक आवृत्ती विजेच्या लाटेच्या एकाच क्षणी सुरू करतात, म्हणजे लाट दर वेळी तोच धक्का देते.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही या विषयावर मोलाचं काम झालं आहे. टी. एस. महेश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अणुकेंद्रांच्या स्पिनच्या जोड्यांवर एनएमआरने, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाने, डिस्कॉर्ड मोजला. एकोसारख्या झटक्यांच्या मालिकांनी अवस्थेची ठेवण चांगली टिकली, शुद्धता मात्र टिकली नाही आणि डिस्कॉर्ड घटतच गेला. म्हणजे एको हा सगळ्या रोगांवरचा उतारा नव्हे, हे मोजून कळलं. २०१७ मध्ये तिथल्याच उमाकांत रापोल आणि एम. एस. संथानम यांच्या गटाने थंड अणूंना प्रकाशाचे नियमित ठोके देताना ठोक्यांच्या क्रमात मुद्दाम अनियमित गोंगाट मिसळला. इथे मोजायची होती ती अणूंची स्वतःची सुसंगती, म्हणजे काट्याचा नेमकेपणा, जोडीचं नातं नव्हे. ती घातांकी वेगापेक्षा मंद गतीने ओसरली आणि किती मंद, हे गोंगाटाचा स्वभाव बदलून ठरवता आलं.

भोवताल एकच प्रश्न विचारतो

हे सगळे प्रयोग एकत्र ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. गोंगाट आंधळेपणाने सगळंच पुसत नाही. चुंबकीय क्षेत्र आयनाकडे पाहतं ते फक्त उजळ-अंधारा या बाजूने. आडव्या प्रश्नाची त्याला ओळखच नाही. भोवताल क्षणोक्षणी आयनांना तोच सरळ प्रश्न विचारत राहतो. म्हणून त्या प्रश्नावरचं नातं टिकतं आणि बाकी सगळ्या प्रश्नांवरचं विरतं. झुरेक यांनी १९८०च्या दशकापासून हाच विचार फुलवत नेला की भोवताल काही अवस्था निवडून टिकवतो.

म्हणूनच गोंगाट ओळखणं हे गोंगाट बंद करण्याइतकंच महत्त्वाचं आहे. चीनमधल्या छिंगह्वा विद्यापीठात २०२१ मध्ये यिटर्बियमच्या एका आयनाची सुसंगती ५५०० सेकंद, म्हणजे तासाहून जास्त टिकेल असा अंदाज मोजमापांवरून मांडता आला. त्यासाठी चुंबकीय कवच लागलं, झटक्यांच्या मालिका लागल्या आणि चुंबकीय डगमग जिला कमीत कमी जाणवतो अशी पातळ्यांची जोडी निवडावी लागली. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्रापुढे पहिला प्रश्न हाच असणार आहे: इथला भोवताल कोणता प्रश्न विचारतो आणि आपलं नातं त्या प्रश्नापासून कसं लपवायचं?

नागपूरला पोचलेली चप्पलही अणूंचीच बनलेली आहे. त्या अणूंवर हवेचे रेणू आपटतात, प्रकाश पडतो, आणि हे सगळे मिळून अखंड एकच प्रश्न विचारत असतात: तू कुठे आहेस आणि तुझा आकार कसा? त्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वेळा घेतलं गेलं आहे की ते पक्कं झालं आहे. म्हणूनच डबा उघडणाऱ्याला डावी किंवा उजवी चप्पल मिळते, त्याहून विचित्र असं काही कधीच मिळत नाही. इन्सब्रुकच्या पेटीतल्या दोन ठिपक्यांना हा प्रश्न अजून पुरेसा विचारला गेलेला नाही. त्यांच्यात २ बिटांचं नातं टिकून आहे ते तेवढ्यामुळेच.